गिजुभाई बधेका

गिरिजाशंकर भगवानजी बधेका, अर्थात गिजुभाई (१५ नोव्हेंबर १८८५ – २३ जून १९३९) हे गुजरातमधील बालशिक्षणतज्ज्ञ, बालसाहित्यकार आणि शिक्षक-प्रशिक्षक होते. भावनगर येथील दक्षिणामूर्ती संस्थेच्या बालमंदिराची उभारणी त्यांनी केली. मारिया माँटेसरी यांच्या शिक्षणपद्धतीला भारतीय भाषा, भारतीय लोककथा आणि येथील आर्थिक परिस्थिती यांच्याशी जुळवून घेण्याचे काम ज्यांनी आरंभीच्या काळात केले, त्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे. लहान मुलांवरील मायेमुळे गुजरातमध्ये ते ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशा असलेली आई, या नावाने ओळखले जातात.

प्राथमिक वर्गातील भाषाशिक्षण हे त्यांच्या कार्याचे एक महत्त्वाचे क्षेत्र होते. गोष्टी, लोकगीते, उखाणे, भेंड्या, हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या आणि उत्स्फूर्त नाट्य यांच्या आधारे त्यांनी भाषेचा तास मुलांना हवाहवासा केला. या साधनांपैकी बहुतेक साधने शिक्षकाला विकत आणावी लागत नाहीत. ती त्याच्या स्मरणात असतात, नाहीतर त्याला स्वतःच्या हाताने करता येतात.

जन्म आणि पूर्वायुष्य

गिजुभाईंचा जन्म सौराष्ट्रातील चित्तळ या गावी झाला. हे गाव आज अमरेली जिल्ह्यात आहे. त्यांचे बालपण वळा (सध्याचे वल्लभीपूर) येथे गेले आणि पुढील शिक्षण भावनगरला झाले. महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून १९०७ मध्ये ते उपजीविकेसाठी पूर्व आफ्रिकेत गेले. १९०९ मध्ये ते परतले. त्यानंतर मुंबईत कायद्याचा अभ्यास करून त्यांनी वढवाण येथे वकिली सुरू केली.

त्यांच्या बालपणी खेड्यांतील शाळांमध्ये पाढे आणि मुळाक्षरे सामुदायिक घोकंपट्टीने पाठ करून घेतली जात. छडीवाचून विद्या येत नाही अशी समजूत पालक आणि शिक्षक या दोघांचीही होती. शाळेतील भीतीविरुद्ध गिजुभाईंनी पुढे आयुष्यभर लिहिले.

वकिलीकडून शिक्षणाकडे

१९१३ मध्ये गिजुभाईंना पुत्र झाला. त्याचे नाव नरेंद्र. त्याला कोणत्या शाळेत घालावे या चिंतेतून त्यांनी बालशिक्षणाविषयी चौकशी आणि वाचन सुरू केले. त्या शोधात खेडा जिल्ह्यातील वसो येथे शिक्षणकार्य करणारे मोतीभाई अमीन यांच्याशी त्यांचा संबंध आला आणि त्यांच्याकडून माँटेसरी यांच्या विचारांचा परिचय झाला. मूल स्वतःच्या हाताने, स्वतःच्या गतीने शिकते आणि मोठ्यांनी त्यासाठी योग्य वातावरण तयार करावयाचे असते, हा विचार त्यांना पटला.

भावनगर येथे १९१० मध्ये नृसिंहप्रसाद (नानाभाई) भट्ट यांच्या पुढाकाराने दक्षिणामूर्ती विद्यार्थी भवनाची स्थापना झाली होती. गिजुभाई १९१६ मध्ये वकिली सोडून या संस्थेत दाखल झाले. चांगली चालू शकणारी वकिली सोडून शिक्षक होणे हा त्या काळी धाडसाचा निर्णय होता. प्रारंभी त्यांच्याकडे छात्रालयाचे आणि नंतर मोठ्या मुलांच्या विनय मंदिराचे काम होते. मोठी मुले शाळेत येतात तेव्हा त्यांच्या अनेक सवयी आणि भीती आधीच पक्क्या झालेल्या असतात, असा अनुभव त्यांना आला. शिक्षणात बदल करावयाचा तर आरंभ लहान वयातच केला पाहिजे, या निष्कर्षाला ते पोहोचले.

बालमंदिर

१९२० मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत अडीच ते सहा-सात वर्षांच्या मुलांसाठी बालमंदिर सुरू झाले. १९२२ मध्ये ते भावनगरच्या तख्तेश्वर टेकडीवरील नव्या इमारतीत गेले. या इमारतीचे उद्घाटन कस्तुरबा गांधी यांच्या हस्ते झाले. येथे शिक्षा नव्हती, बक्षीस नव्हते आणि मुलांमुलांत स्पर्धाही नव्हती. मुले आपापल्या आवडीने साधने निवडत. संगीत, चित्रकला, बागकाम, मातीकाम आणि गोष्टी यांना दिवसाच्या कार्यक्रमात मानाचे स्थान होते.

१९२३ च्या सुमारास ताराबाई मोडक या बालमंदिरात आल्या. गिजुभाई आणि ताराबाई यांनी पुढील अनेक वर्षे एकत्र काम केले. १९२५ मध्ये बालशिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी अध्यापन मंदिर सुरू झाले. त्याच वर्षी भावनगरला माँटेसरी संमेलन भरले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. ‘शिक्षणपत्रिका’ या नियतकालिकातून संघाचे विचार पालक आणि शिक्षकांपर्यंत पोहोचू लागले.

माँटेसरी यांची पद्धती गिजुभाईंनी जशीच्या तशी उचलली नाही. लहान वयात परीकथा आणि कल्पित गोष्टी सांगण्याविषयी माँटेसरी साशंक होत्या. गिजुभाईंनी मात्र गोष्टीला बालमंदिराच्या केंद्रस्थानी आणले. माँटेसरी यांची अक्षरसाधने युरोपीय लिपीसाठी बनविलेली होती. गुजरातीसाठी ती नव्याने करावी लागली. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षरे असलेल्या लिपीत सुट्या अक्षरांची ओळख झाली म्हणजे वाचन आले, असे होत नाही. अक्षरापासून शब्दापर्यंतची वाट येथे वेगळी आखावी लागते.

भाषाशिक्षणाचे प्रयोग

भाषा ही प्रथम कानाने आणि तोंडाने शिकली जाते, लेखन-वाचन त्यानंतर येते, हा गिजुभाईंच्या भाषाशिक्षणाचा पाया होता. ज्या मुलाने भरपूर ऐकले नाही आणि ज्याला मोकळेपणी बोलू दिले नाही, त्याच्यापुढे एकदम पाटी ठेवणे त्यांना अयोग्य वाटे. म्हणून त्यांच्या वर्गातील भाषेचा प्रवास ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या क्रमाने होत असे.

गोष्ट

गोष्ट हे गिजुभाईंचे सर्वांत प्रभावी साधन होते. सौराष्ट्राच्या घराघरांत सांगितल्या जाणाऱ्या लोककथा त्यांनी गोळा केल्या, मुलांना सांगून पाहिल्या आणि मुलांच्या प्रतिसादानुसार त्यांची मांडणी घासूनपुसून घेतली. सात शेपट्यांचा उंदीर, आनंदी कावळा, दल्ला तरवाडी अशा त्यांच्या गोष्टी गुजरातमध्ये आजही सांगितल्या जातात.

या गोष्टींची रचना भाषाशिक्षणाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सात शेपट्यांच्या उंदराला इतर मुले चिडवतात, तो रोज एकेक शेपटी कापून घेतो, आणि दर वेळी संख्या एकाने कमी होऊन तोच प्रसंग पुन्हा येतो. दल्ला तरवाडी मालक नसताना मळ्यालाच वांगी घेण्याची परवानगी विचारतो आणि मळ्याच्या वतीने स्वतःच उत्तर देतो. अशा कथांत ठरावीक वाक्ये ठरावीक जागी परत येतात. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनाला ऐकणारी मुले ते वाक्य सांगणाऱ्याच्या आधी म्हणू लागतात. वाक्यरचना, संख्या, काळ आणि संवादाचा सूर त्यांच्या जिभेवर बसतो, आणि आपण काही पाठ करीत आहोत याची जाणीवही त्यांना होत नाही.

‘वार्तानुं शास्त्र’ या ग्रंथात गिजुभाईंनी कथाकथनाचा सविस्तर विचार केला. कोणत्या वयाला कोणती गोष्ट, गोष्टींचा क्रम, सांगण्याची रीत आणि कथांचा संग्रह हे विषय त्यात येतात. गोष्टीचे पहिले प्रयोजन आनंद आहे. शेवटी तात्पर्य चिकटवून तिचा उपदेश करू नये, असा त्यांचा आग्रह होता.

अक्षरओळख आणि वाचन

बालमंदिरात अक्षरांची ओळख डोळ्यांबरोबर बोटांनीही करून दिली जात असे. खरखरीत कागदाची अक्षरे कापून पुठ्ठ्यावर चिकटविली जातात. मूल त्या अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने बोट फिरविते आणि त्याच वेळी त्याचा उच्चार करते. यामुळे अक्षराचे वळण पेन्सिल धरण्याआधीच हाताला समजते. सुट्या अक्षरांचे तुकडे जुळवून शब्द तयार करणे ही त्यापुढची पायरी होय. ज्या मुलाची बोटे अजून लिहिण्यास तयार नाहीत, त्यालाही अशा रीतीने मनातील शब्द मांडता येतो.

चिठ्ठीवाचन

प्राथमिक वर्गासाठी गिजुभाईंनी पुरस्कारिलेला चिठ्ठीवाचनाचा उपक्रम विशेष उल्लेखनीय आहे. या विषयावर त्यांनी स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली. शिक्षक कागदाच्या लहान पट्ट्यांवर ठळक अक्षरांत मजकूर लिहितो. मूल एक चिठ्ठी उचलते, ती मनात वाचते आणि तीत सांगितल्याप्रमाणे कृती करते. चिठ्ठी उचलल्यानंतर मूल काय करते यावरून त्याला वाचलेले समजले की नाही हे कळते. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारावा लागत नाही.

चिठ्ठ्यांची काठिण्यपातळी हळूहळू वाढविता येते. पहिल्या चिठ्ठ्यांवर केवळ वस्तूचे नाव असते आणि मुलाने ती वस्तू शोधून आणावयाची असते. त्यानंतर खिडकी उघडणे, टाळी वाजविणे, उडी मारणे अशा एका कृतीच्या चिठ्ठ्या येतात. पुढे एकामागून एक करावयाच्या दोन-तीन कृती येतात. शेवटी वर्णन किंवा कोडे लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात. मोठ्याने वाचताना अडखळणाऱ्या मुलाला येथे सर्वांसमोर ओशाळावे लागत नाही. एकाच वर्गातील निरनिराळ्या गतीच्या मुलांना एकाच वेळी निरनिराळ्या चिठ्ठ्या देता येतात. खर्च कागद आणि शाई यांचाच. मात्र आपल्या वर्गातील मुले, त्यांच्या घरातील वस्तू आणि त्यांची बोली शिक्षकाला ठाऊक असावी लागते. चिठ्ठ्यांचा छापील संच विकत आणून ही उणीव भरून निघत नाही.

गाणी, उखाणे आणि भेंड्या

लोकगीते, तालबद्ध बडबडगीते, कोड्याचे उखाणे आणि भेंड्या यांचा गिजुभाईंनी वर्गात मुक्तपणे उपयोग केला. कविता प्रथम गाऊन दाखवावी, मुलांनी ती वारंवार ऐकावी आणि मग हवी असल्यास स्वतः म्हणावी, अशी त्यांची पद्धत होती. शब्दार्थ सांगून कवितेचा अन्वय लावण्याची घाई त्यांना मान्य नव्हती. भेंड्यांमध्ये शेवटच्या अक्षरावरून पुढची कविता आठवावी लागते. त्यामुळे स्मरणाबरोबरच शब्दातील ध्वनीकडेही मुलांचे लक्ष वेधले जाते. उखाण्यात वस्तूचे नाव न घेता तिचे गुण सांगितलेले असतात, म्हणून मुलांना नेमके वर्णन करण्याची सवय लागते.

व्याकरण आणि नाट्य

व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून घेण्याऐवजी व्याकरणाचे कार्य मुलांना कृतीतून जाणवून द्यावे, असे त्यांचे मत होते. मुलांनी वस्तूंची नावे लिहिली की नाम येते, केलेल्या हालचाली लिहिल्या की क्रियापद येते. अनेक चेंडूंतून एकच मागवावयाचा असेल तर लाल किंवा लहान हा शब्द जोडावा लागतो. त्या गरजेतून विशेषण समजते. संज्ञा सर्वांत शेवटी सांगितली जाते.

ऐकलेल्या गोष्टीचे नाट्य करताना मुलांना लिखित संवाद पाठ करावयास लावू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. गोष्ट पुरेशी ओळखीची झाली की मुले स्वतःच्या शब्दांत बोलतात, आणि दर प्रयोगाला संवाद थोडे बदलतात. पडदे, पोशाख आणि रंगभूषा यांवाचून वर्गाच्या कोपऱ्यातही असे नाट्य होऊ शकते. कोणी प्रेक्षक असलेच पाहिजेत असेही नाही.

‘दिवास्वप्न’

१९३२ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘दिवास्वप्न’ हे गिजुभाईंचे सर्वाधिक वाचले गेलेले पुस्तक होय. एक तरुण शिक्षणाधिकाऱ्याकडून परवानगी घेऊन एका सामान्य प्राथमिक शाळेतील चौथीच्या वर्गावर वर्षभर प्रयोग करतो, अशी त्याची कथा आहे. पुस्तक प्रथमपुरुषी निवेदनात असल्यामुळे ते प्रत्यक्ष वर्षाचा अहवाल समजले जाण्याचा संभव असतो. वस्तुतः ती गिजुभाईंच्या अनुभवांवर आधारलेली कल्पित कथा आहे आणि शीर्षकातूनही ते सूचित होते.

कथेतील शिक्षकाचा पहिलाच दिवस फसतो. शांततेचा खेळ घेण्याचा त्याचा बेत मुलांच्या गोंगाटात उधळला जातो. दुसऱ्या दिवसापासून तो गोष्ट सांगू लागतो आणि वर्ग शांत होतो. दिवसामागून दिवस गोष्टच चालते, तेव्हा अभ्यास केव्हा सुरू होणार, अशी विचारणा होऊ लागते. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून तो गोष्टींची पुस्तके आणून वर्गग्रंथालय उभे करतो, त्यावर पालक नाराज होतात. इतर शिक्षक थट्टा करतात. अधिकारी सहानुभूतीने पाहतो, पण त्यालाही परीक्षेच्या निकालाची चिंता असते. खेळ, स्वच्छता, ग्रंथालय, गाणी आणि नाटक यांच्या साहाय्याने वर्षअखेर वर्गाचे रूप पालटते.

नवी पद्धत सांगणाऱ्या पुस्तकात अपयशाचे प्रसंग सहसा येत नाहीत. येथे ते पहिल्याच प्रकरणात येतात. वर्गात खेळ घेऊ पाहणाऱ्या शिक्षकाला ज्या अडचणी येतात, म्हणजे गोंगाट, वेळापत्रक, पालकांचा अविश्वास, सहकाऱ्यांचे टोमणे आणि परीक्षा, त्या सर्व या छोट्या पुस्तकात आहेत. हिंदी, मराठी, इंग्रजी आणि अन्य भाषांत त्याचे अनुवाद झाले असून शिक्षक-प्रशिक्षणात ते अजूनही वाचले जाते.

ग्रंथलेखन

मुले, पालक आणि शिक्षक या तिघांसाठी गिजुभाईंनी विपुल लेखन केले. त्यांच्या लहानमोठ्या पुस्तकांची संख्या दोनशेच्या आसपास सांगितली जाते. त्यांत मुलांसाठीच्या छोट्या पुस्तिका मोठ्या प्रमाणावर आहेत. प्राथमिक शाळेतील भाषाशिक्षण, शिक्षणपद्धती आणि चिठ्ठीवाचन यांवरील पुस्तके शिक्षकांसाठी, तर ‘मा-बाप थवुं आकरुं छे’ यांसारखी पुस्तके पालकांसाठी आहेत. त्यांची भाषा बोलीजवळची, लहान वाक्यांची आणि सहज विनोदाची आहे. काशिनाथ त्रिवेदी यांच्या अनुवादांमुळे त्यांचे शिक्षणविषयक लेखन हिंदी वाचकांपर्यंत पोहोचले. १९२९ मध्ये त्यांना गुजराती साहित्यातील प्रतिष्ठेचे रणजितराम सुवर्णचंद्रक लाभले.

अखेरची वर्षे

१९३० च्या सत्याग्रहाच्या काळात गिजुभाईंनी मुलांच्या वानरसेनेच्या संघटनेत आणि साक्षरतेच्या कार्यात भाग घेतला. १९३६ मध्ये ते दक्षिणामूर्ती संस्थेतून बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी राजकोट येथे अध्यापन मंदिराचे काम हाती घेतले. ते स्थिरावण्याआधीच २३ जून १९३९ रोजी, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मारिया माँटेसरी प्रथमच भारतात आल्या. ज्यांचे विचार रुजविण्यासाठी गिजुभाईंनी दोन दशके खर्ची घातली, त्यांचे या देशातील कार्य पाहण्यास ते राहिले नव्हते.

महाराष्ट्रातील वारसा

गिजुभाईंच्या कार्याचा महाराष्ट्राशी दुवा ताराबाई मोडक यांच्यामुळे जोडला गेला. भावनगरहून मुंबईला आल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादर येथे शिशुविहारची स्थापना केली. ‘शिक्षणपत्रिका’ मराठीतही निघू लागली. १९४५ मध्ये त्यांनी अनुताई वाघ यांच्यासह बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाड येथे नेले.

बोर्डी आणि कोसबाड येथील काम भावनगरच्या कामाहून एका बाबतीत पुढे गेले. बालमंदिर शहरात होते. कोसबाडच्या परिसरातील वारली मुलांच्या घरी लिहिण्या-वाचण्याची परंपरा नव्हती आणि त्यांची बोली पुस्तकी मराठीहून दूर होती. तेथे महाग साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पाने, फुले, खडे आणि माती यांतून साधने तयार झाली. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच पाड्यावरील अंगणात नेण्यात आली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविण्यात आल्या. साधन शिक्षकाने परिसरातून स्वतः तयार करावे, या विचाराची ही पुढची कसोटी होती.

मूल्यमापन

गिजुभाईंच्या पद्धतीवर काही रास्त आक्षेप घेता येतात. तिचे यश शिक्षकाच्या व्यक्तिगत गुणांवर फार अवलंबून आहे. उत्तम गोष्ट सांगणे सर्वांना साधत नाही. ‘दिवास्वप्न’मधील शिक्षकाला वर्षभराची मोकळीक आणि अनुकूल अधिकारी लाभतो, सामान्य शिक्षकाला यांपैकी काहीच मिळेल याची शाश्वती नसते. मोठ्या पटाच्या किंवा अनेक इयत्ता एकत्र बसणाऱ्या वर्गात प्रत्येक मुलाची गती सांभाळणे कठीण जाते.

तरीही त्यांच्या कार्याचा एक भाग या आक्षेपांनंतरही शिल्लक राहतो. साधने नाहीत म्हणून भाषेचा तास नीरस होतो, हे कारण त्यांनी शिक्षकाच्या हाती ठेवले नाही. रोजची एक गोष्ट, दहा-बारा चिठ्ठ्या, दोन उखाणे आणि भेंड्यांचा एक डाव यांसाठी अनुदान किंवा स्वतंत्र खोली लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत शिक्षकांनी हाताने केलेल्या शब्दपट्ट्या, चित्रकार्डे आणि गोष्टींची पेटी या गोष्टी आज परिचयाच्या झाल्या आहेत. असे साधन करताना ते कोणत्या मुलासाठी करीत आहोत हे शिक्षकाने आधी पाहावे, ही गिजुभाईंची अपेक्षा होती. ती पूर्ण झाली तरच वर्गातील खेळ भाषाशिक्षण ठरतो.